आधी किरायादार मोजावा, मग जागा पाहावी

रस्त्यासाठी गेलेल्या शेताचा मोबदला असो, निवृत्तीनंतर हाती आलेली ग्रॅच्युइटी असो किंवा संत्र्याच्या दोन चांगल्या बहरांतून उरलेली रक्कम असो, आमच्या विदर्भात असा पैसा घरात आला की वडीलधारी मंडळी पहिल्याच दिवशी सांगतात, एखादा प्लॉट घेऊन टाका. सल्ला वाईट नाही. पण ज्याला दर महिन्याला भाडे हवे आहे, त्याच्या तो फारसा उपयोगाचा नाही. प्लॉटचा भाव वाढणे आणि त्यावरच्या घराला राहायला माणूस मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाड्यासाठी पहिल्यांदाच घर घेणाऱ्याची फसगत बहुधा या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होते. भाव वाढतो तो पुढे काय होईल या अपेक्षेवर. भाडे मिळते ते कोणाला तरी आज रात्री डोक्यावर छप्पर हवे असते म्हणून.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. तालुक्याच्या गावाबाहेर, बायपासला लागून पडलेल्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे शेतजमिनीचे प्लॉट पाडून केलेल्या वस्तीत, मी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे छोटा वरांडा असे घर बांधले. रस्ता डांबरी होता, प्लॉट चौकोनी होता आणि तीन वर्षांत भावही वाढला होता. पहिला किरायादार पाच महिन्यांत घर सोडून गेला. (भाडेकरूला आमच्याकडे किरायादार म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द वापरतो.) जाताना त्याने भाड्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्याची पत्नी शिक्षिका होती, संध्याकाळी एस.टी. स्टँडवर उतरल्यावर आमच्या ले-आउटकडे यायला ऑटो तयार होत नसे आणि दीड किलोमीटर अंधारात चालावे लागे, एवढेच त्याने सांगितले. ते दीड किलोमीटर मी मोटारसायकलवरून मोजले होते.

म्हणून जागा पाहायला निघण्यापूर्वी ठरवायचा पहिला प्रश्न असा की त्या गावात भाड्याने राहणारे लोक कोण आहेत आणि ते किती वर्षे राहतात. अगदी लहान खेड्यात घर सहसा भाड्याने जात नाही, कारण तिथे राहणाऱ्याचे स्वतःचे घर असते आणि बाहेरून येणारा तिथे मुक्काम करत नाही. किरायादार असतात ते तालुक्याच्या ठिकाणी, मोठ्या बाजारपेठेच्या गावी आणि एखादी मोठी संस्था ज्या गावाला चिकटून उभी आहे तिथे. त्यांतही प्रकार आहेत. बँकेतील कर्मचारी बदली होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षे राहतो. परिचारिका, वीज कंपनीचे तंत्रज्ञ, तलाठी, शिक्षक यांचा मुक्काम त्याहून अनिश्चित असतो. बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांची तरुण मुले चार-पाच जण मिळून एक घर घेतात, भाडे वेळेवर देतात आणि शाखा बंद झाली की एका दिवसात जातात.

या सगळ्यांपेक्षा टिकाऊ असा एक किरायादार आहे, ज्याचा विचार बाहेरचा गुंतवणूकदार सहसा करत नाही. तो म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला ‘खोली करून’ राहणारे शेतकरी कुटुंब. वडील गावी शेती पाहतात, आई दोन मुलांना घेऊन तालुक्याला राहते, आठवड्यातून एकदा गावाहून तूरडाळ, गहू आणि भाजी येते, आणि थोरला पाचवीत असताना घेतलेली खोली धाकट्याची बारावी होईपर्यंत सुटत नाही. हे कुटुंब जास्त भाडे देऊ शकत नाही आणि ज्या वर्षी कापूस-सोयाबीन हातचे जाते त्या वर्षी दोन महिन्यांची उधारीही मागते. पण नऊ-दहा वर्षे एकाच ठिकाणी राहणाऱ्या माणसाची किंमत, दर वर्षी रंग देऊन नवा किरायादार शोधणाऱ्या घरमालकालाच कळते. या कुटुंबाला बायपास नको असतो. त्यांना शाळा आणि शिकवणी वर्ग मुलाला सायकलवर जाता येतील इतक्या अंतरावर हवे असतात, आणि शेजारी ओळखीचे, शक्यतो आपल्याच गावाकडचे कोणी असले तर आणखी बरे.

नोकरदार किरायादाराचा हिशेब करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्याला परवडते किती. सातव्या वेतन आयोगात लहान गावांसाठी घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ८ टक्क्यांपासून सुरू झाला. समजा एखाद्या शिक्षकाचे मूळ वेतन ४५,००० रुपये आहे, तर या दराने भत्ता ३,६०० रुपये होतो. पुढे महागाई भत्त्यासोबत हा दर वाढत गेला तरी तालुक्याच्या ठिकाणी भाडे म्हणून माणसाच्या मनात जो आकडा असतो तो याच्याच आसपास घुटमळतो. तुम्ही घरात इटालियन टाइल्स बसवल्या म्हणून तो दुप्पट होत नाही.

दुसरी गोष्ट अप-डाऊनची. विदर्भात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्धा नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे, भंडारा सुमारे ६० किलोमीटरवर, आणि या दोन्ही ठिकाणी नोकरी करून रोज नागपूरला परतणारे लोक सकाळच्या गाडीत उभे राहून जातात. ज्या गावाला मोठ्या शहराहून तासा-सव्वा तासात पोहोचता येते, त्या गावी कार्यालये कितीही असली तरी तेथील कर्मचारी किरायादार होतीलच असे धरता येत नाही, कारण मुलांची शाळा आणि पतीची किंवा पत्नीची नोकरी त्यांना शहराला बांधून ठेवते. याचा उलटा अर्थ असा की चांगला रस्ता झाला म्हणजे भाडे वाढते हा समज तपासून घ्यावा लागतो. कित्येकदा चांगला रस्ता किरायादाराला गावात आणत नाही, तर गावातून उचलून घेऊन जातो. आडगावाच्या तालुक्याला, जिथून शेवटची एस.टी. संध्याकाळी लवकर सुटते, तिथे कर्मचाऱ्याला नाइलाजाने राहावे लागते. त्याचा हा नाइलाज घरमालकाच्या पथ्यावर पडतो.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता विदर्भात नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण रस्ता सुरू झाला. त्याच्या आजूबाजूच्या जमिनीची चर्चा प्रत्येक पानठेल्यावर झाली. पण या रस्त्यावर चढता-उतरता येते ते ठरावीक इंटरचेंजवरच, आणि दुचाकीला तर त्यावर प्रवेशच नाही. ज्याचा सगळा संसार एका मोटारसायकलवर फिरतो, त्या आपल्या किरायादाराला घरामागून जाणाऱ्या समृद्धीचा उपयोग ट्रकचा आवाज ऐकण्यापलीकडे नाही. इंटरचेंजजवळ गोदामाला, हॉटेलला जागा लागेल, ती वेगळी गुंतवणूक आहे आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्याने तिच्यात उतरू नये असे माझे मत आहे.

संस्थेच्या भरवशावर जागा घेताना ती संस्था माणसे आणते किती, यापेक्षा त्यांतील किती माणसे बाहेर राहतात हे पाहावे. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगी मेघेला आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली ही विदर्भातील पाच आहेत. अशी घोषणा झाली की आसपासच्या प्लॉटचे दर लगेच हलतात. परंतु वैद्यकीयचे विद्यार्थी बहुतेक वसतिगृहात राहतात; बाहेर खोली शोधतात त्या कंत्राटी परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषध दुकानात काम करणारी मुले आणि दाखल रुग्णांचे नातेवाईक. म्हणजे मोठ्या फ्लॅटऐवजी स्वच्छ संडास-बाथरूम असलेल्या एकेका खोलीला तिथे मागणी असते. गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले, अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, पुसदला आणि शेगावला जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. या प्रत्येक ठिकाणी वसतिगृहात जागा किती आणि प्रवेश किती, या दोन आकड्यांतील फरक म्हणजे तुमचा बाजार. शेगावबद्दल एक सावधगिरी अशी की तिथे दर्शनाला येणारी गर्दी रोज दिसते आणि ती पाहून माणूस भुलतो. पण भाविक एका रात्रीचा पाहुणा असतो, महिन्याचे भाडे देणारा नसतो.

कोळसा आणि वीज यांच्या गावांचा न्याय आणखी वेगळा आहे. तिरोडा, मौदा, कोराडी यांसारख्या औष्णिक प्रकल्पांचे स्वरूपच असे असते की उभारणीच्या काळात हजारो माणसे लागतात, आसपासच्या गावांत गोठ्याचीसुद्धा खोली होते, आणि प्रकल्प चालू झाला की त्यांतील बहुतेक माणसे पुढच्या कामावर निघून जातात व उरलेल्यांसाठी कंपनीची वसाहत असते. बांधकामाच्या वर्षांतील भाडे पाहून पंधरा वर्षांचा हिशेब मांडणे धोक्याचे आहे. वणी, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात कोळसा खाणींमुळे किरायादार मिळतात हे खरे, पण खाणीला आयुष्य असते, आणि तिचा विस्तार तुमच्याच जागेकडे सरकतो आहे का हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे लागते. स्फोटांनी भिंतींना गेलेल्या तड्यांचा खर्चही धरावा. हंगामी मजुरांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: जिनिंगचा, राइस मिलचा किंवा संत्रा भरणाऱ्यांचा हंगाम चार महिन्यांचा, म्हणून त्यांचे भाडेही चार महिन्यांचे.

गाव ठरले की गल्ली ठरवायची. यासाठी मी कोणत्याही दलालापेक्षा संध्याकाळच्या फेरीवर विश्वास ठेवतो. साडेसात-आठच्या सुमारास, वही खिशात ठेवून, पायी जावे. एका फाटकाजवळ विजेची तीन-चार मीटरे एका ओळीत बसवलेली असली तर त्या घरात किरायादार आहेत असे समजावे. त्यांतील किती खोल्यांत दिवा लागला आहे हे पाहावे. गच्चीवरच्या दोऱ्यांवर एकाच घरात तीन वेगवेगळ्या संसारांचे कपडे दिसतात का हे पाहावे. ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी नवी असेल तर हरकत नाही, उन्हाने अक्षरे उडालेली पाटी असेल तर त्या गल्लीत पुन्हा जाऊ नये. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला भाडे किती चालते हे विचारू नये, कारण तो घरमालकाचा शेजारी असतो आणि वाढवून सांगतो. ‘मला खोली पाहिजे, किती पर्यंत मिळेल?’ असे विचारले की खरा आकडा बाहेर येतो.

नंतर एका परिचारिकेला मी बाजारपेठेमागची एक खोली दाखवायला नेले होते, तेव्हा जागा कशी पाहावी हे तिच्याकडून मला शिकायला मिळाले. तिने आत आल्यावर आधी नळ सोडून पाहिला. पाणी दररोज येते की दिवसाआड, आणि किती वाजता, हे विचारले, कारण सकाळच्या ड्युटीला साडेसातला निघावे लागते. मग खिडकीजवळ उभी राहून कूलर बाहेरून बसवता येईल का आणि त्याला पाणी कोठून भरायचे हे पाहिले. स्कूटी फाटकाच्या आत राहील का, रात्रपाळीहून येताना गल्लीत दिवा असतो का, हे विचारले. भिंतीच्या रंगाकडे तिने पाहिलेही नाही. भाडे तिने सर्वांत शेवटी विचारले, आणि घासाघीस केली नाही.

पाणी आणि माती यांना आमच्या भागात जागेच्या किमतीइतकेच महत्त्व द्यावे लागते. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअर मारून पाण्याचा प्रश्न सुटत नाही, कारण लागणारे पाणी खारे असते. ते पिता येत नाही आणि नळाच्या तोट्या व कूलरच्या जाळ्या खाऊन टाकते. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. अशा ठिकाणी नळयोजनेचे पाणी त्या विशिष्ट गल्लीपर्यंत पोहोचते का, एवढ्या एकाच गोष्टीवर दोन शेजारच्या ले-आउटच्या भाड्यात फरक पडतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे भिंत असलेली स्लॅबची खोली किरायादार दुपारी सोडून खाली येऊन बसतो आणि जूनमध्ये कायमची सोडतो.

मातीचे असे आहे की कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर वरवरचा पाया घेऊन बांधलेल्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघतात. काळ्या जमिनीवर घर घेऊ नये असे नाही, अर्धा विदर्भ त्याच जमिनीवर राहतो. मात्र पाया मुरमापर्यंत नेला आहे का हे बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारावे आणि शेजारच्या पाच-सहा जुन्या घरांच्या भिंती पाहून याव्यात. पुराबाबतही कागदापेक्षा शेजारी बरा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संजय सरोवर आणि गोसीखुर्द या धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला पूर आला, तेव्हा भंडारा शहरात आणि खाली ब्रह्मपुरी, देसाईगंजच्या बाजूला, पूर्वी पाणी न पाहिलेल्या वस्त्यांतही ते शिरले. ‘त्या वर्षी पाणी कोठपर्यंत होते?’ असे विचारले की म्हातारे माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवते.

आता आकडेमोड. समजा तालुक्याच्या जुन्या वस्तीत, दवाखाना आणि शाळा यांच्यामध्ये, तीन स्वतंत्र बिऱ्हाडे राहू शकतील असे घर २० लाख रुपयांना मिळते, आणि बायपासवर एका कुटुंबाचे नवे घर १६ लाखांत होते. पहिल्यात प्रत्येकी ३,५०० रुपयांप्रमाणे वर्षाचे भाडे १,२६,००० रुपये. प्रत्येक बिऱ्हाड वर्षातून एक महिना रिकामे धरले तर १,१५,५०० रुपये उरतात. घरपट्टी, मोटार, रंग, गळती यांसाठी १५,५०० रुपये बाजूला काढले तर १ लाख, म्हणजे किमतीच्या ५ टक्के. दुसऱ्यात भाडे दरमहा ५,००० रुपये, वर्षाचे ६०,०००. पण चार महिने रिकामे आणि १०,००० रुपये खर्च धरल्यास हाती ३०,००० रुपये, म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी. पहिले घर महाग आणि दुसरे स्वस्त असे बाजारात कोणीही सांगेल. दुसऱ्याच्या बाजूने एकच युक्तिवाद आहे, की जमिनीचा भाव वाढेल. तो खरा असेल तर प्लॉट मोकळाच ठेवावा, त्यावर भाड्यासाठी घर बांधण्याचा खर्च करू नये. पहिल्या घराचा आणखी एक फायदा असा की तिघांपैकी एक किरायादार गेला तरी दोघांचे भाडे चालू असते. आणि ५ टक्के हा आकडा बँकेतील मुदत ठेवीच्या व्याजाशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

कागदपत्रांचा विषय मोठा आहे, पण जागेशी जोडलेल्या तीन-चार गोष्टी इथे सांगितल्याच पाहिजेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे; गावठाणातील घरासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेची सनद किंवा मिळकत पत्रिका निघाली आहे का ते पाहावे. ले-आउटमधील प्लॉट असेल तर अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा स्वतः डोळ्यांनी पाहावा, जाहिरातीतील ‘एनए-टीपी’ (अकृषक आणि नगररचना मंजूर) या अक्षरांवर विसंबू नये. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विक्रीवर शासनाची अट असलेली जमीन) लिहिले असेल, जमीन नझूलची, म्हणजे गावातील सरकारी मालकीची असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर विक्रीसाठी शासनाची परवानगी लागते आणि ती ‘नंतर काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत आणखी एक शब्द शोधावा: झुडपी जंगल, म्हणजे सरकारी नोंदीत खुरट्या झुडपांची म्हणून लिहिलेली जमीन. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनी आहेत असा निर्णय दिला; १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिल्या गेलेल्या जमिनींसाठी त्यात वेगळी वाट ठेवलेली असली, तरी पहिल्या गुंतवणुकीत त्या वाटेने जाण्याचे कोणालाही कारण नाही.

राहिला मुहूर्त. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. बदल्या, प्रवेश आणि खोल्यांची शोधाशोध मे-जून या दोन महिन्यांत उरकते, आणि जुलै संपला की ज्याला राहायचे आहे तो कोठेतरी राहायला गेलेला असतो. म्हणून घर पाहायचे असेल तर एकदा मे महिन्याच्या दुपारी आणि एकदा चार दिवसांची झड लागली असताना पाहावे, पण ताबा मात्र एप्रिलच्या आसपास मिळेल असे जुळवावे. व्यवहार ऑगस्टमध्ये होणार असेल, तर पुढच्या जूनपर्यंतचे दहा महिने रिकामे धरून तेवढे भाडे किमतीतून कमी करायला विक्रेत्याला सांगावे. तो हसेल. माझ्या बायपासच्या घराचा गिऱ्हाईकही मागच्या दिवाळीत हेच म्हणाला तेव्हा मीसुद्धा आधी हसलो होतो, आणि मग पंचवीस हजार कमी केले.